काकाडूत माणसं आजही राहतात

मा. संपादक,

कालच्या रविवार पुरवणीतला ऑस्ट्रेलियाच्या काकाडू राष्ट्रीय उद्यानावरचा लेख वाचला. छायाचित्रं सुरेख आहेत, हे आधी सांगतो. पण ‘इथे एके काळी आदिवासी राहत असत’ हे वाक्य छापायला गेलंच कसं? उत्तरेकडचे बिनिंज आणि दक्षिणेकडचे मुंगुय हे आदिवासी आजही तिथेच राहतात. उद्यानाची बरीचशी जमीन त्यांच्या मालकीची आहे, ती त्यांनी भाडेपट्ट्यानं दिलेली आहे आणि कारभार पाहणाऱ्या मंडळात बहुमतही त्यांचंच आहे.

माझा मुलगा ऑस्ट्रेलियातल्या डार्विन शहरात असतो. आम्ही जुलैत काकाडूतल्या ईस्ट ॲलिगेटर नदीवर बोटीनं फिरलो, तेव्हा बोट चालवणारा बिनिंजच होता. मगरी त्यानं दाखवल्या, पण जास्त वेळ तो काठावरच्या झाडांविषयी बोलला. आपल्या केवड्याच्या जातीच्या झाडाची पानं चिरून, रंगवून तिथल्या बायका टोपल्या विणतात. पत्नीनं त्याला ऋतूंबद्दल विचारलं. तुमचा लेख म्हणतो, ‘तिथे दोनच ऋतू, पावसाळी आणि कोरडा’. तो म्हणाला, ‘ते पाहुण्यांचे. आमचे सहा.’ ही एकदम म्हणाली, ‘आमचेही सहाच!’ आणि वसंतापासून शिशिरापर्यंत बोटांवर मोजून दाखवले. मग त्यानं त्याचे मोजले. तेव्हा वुर्गेंग चालू होता, थंडीचा. पाऊस सरताना वादळं येऊन माणसाहून उंच गवत आडवं करतात, तो बांगेरेंग. कोणतं झाड फुललं, वारा कुठून आला, यावर ऋतू ठरतो. ही शेतकऱ्याघरची, मृगाच्या पेरणीत वाढलेली. तिला काही समजावून सांगावं लागलं नाही. परतताना दोघं एकमेकांचे ऋतू पुन्हा पुन्हा म्हणून घेत होती. त्या माणसाला तुम्ही ‘एके काळी’त ढकललंत, म्हणून हे पत्र.

जवळच उबिरच्या कातळावर थायलसीनचं, म्हणजे पाठीवर पट्टे असलेल्या, कुत्र्यासारख्या दिसणाऱ्या ‘टास्मानियन वाघा’चं, चित्र आहे. हा प्राणी ऑस्ट्रेलियाच्या मुख्य भूमीवरून नाहीसा होऊन दोन हजारांहून अधिक वर्षं झाली. लेखात त्या जागेला ‘काही जुनी चित्रे’ एवढेच शब्द मिळाले.

आणखी एक. मुख्य छायाचित्राखाली ‘ॲलिगेटर’ छापलं आहे. ॲलिगेटर हे मगरींचे भाऊबंद, पण वेगळे; ऑस्ट्रेलियाच्या नद्यांत ते नाहीत. फिलिप पार्कर किंग या इंग्रज आरमारी अधिकाऱ्यानं मगरींना ॲलिगेटर समजून नदीला ते नाव दिलं. दोनशे वर्षांपूर्वीची ती चूक आपल्या पुरवणीत पुन्हा नको होती. या दुरुस्त्या येत्या रविवारी, त्याच पानावर छापाव्यात, ही विनंती.

– एक जुना वाचक, ठाणे