आधी भिंत, मग पाटी: मिस्त्री काकांचे जाहीर आभार

आदरणीय मिस्त्री काका,

सप्रेम नमस्कार.

धातूच्या पाट्या आम्ही घडवतो, पण त्या जागेवर चढतात तुमच्यासारख्यांच्या हातांनी. पाटी कशावर लागणार आहे ते पाहूनच ती कशी लावायची हे ठरवायचं, ही तुमची रीत तुम्ही हातचं काही राखून न ठेवता आम्हाला समजावून दिलीत. त्याबद्दल तुमचे मनापासून आभार. पत्र जाहीर लिहितो आहोत, कारण यातलं पुष्कळसं पाटी लावायला निघालेल्या कुणाच्याही कामी येईल.

पहिले आभार वजनाच्या हिशेबाचे. 600 बाय 450 मिमीची, 6 मिमी जाड पितळी पाटी पावणेचौदा किलोच्या आसपास भरते. तेवढीच ॲल्युमिनियमची पाटी साडेचार किलोच्या आत राहते. माप एक म्हणून फिटिंग एक, हे गणित इथेच मोडतं. 300 बाय 200 मिमीची 3 मिमी जाड पितळी पाटी मात्र जेमतेम दीड किलोची. तिच्यासाठी जाड अँकर (भिंतीत पकडून बसणारे बोल्ट) ठोकून भिंत उगाच दुखवायची नाही, हेही तुम्ही तितक्याच ठामपणे सांगितलंत.

मग ड्रिलच्या बिटातून पडणारी भुकटी. ती बघायची सवय तुम्ही लावलीत, याचं मोल फार मोठं आहे. आधी करडी भुकटी येते, तो गिलावा. त्यानंतर लाल भुकटी एकसारखी पडत राहिली तर भरीव वीट. करडीच राहिली आणि बिट कष्टाने पुढे सरकू लागलं तर काँक्रीट. पांढरी, हलकी भुकटी आणि बिट लोण्यात गेल्यासारखं आत गेलं तर हलका सच्छिद्र ब्लॉक. आणि मध्येच बिट झटक्याने आत घुसलं, तर मागे पोकळी आहे. तिथे साधी गिट्टी, म्हणजे स्क्रू धरण्यासाठी छिद्रात बसवायची प्लॅस्टिकची नळी, नुसती फिरत बसणार. पहिलं छिद्र बारीक, 4 मिमीचंच पाडायचं, म्हणजे अंदाज चुकला तरी जागा हातातून जात नाही. त्याआधी भिंतीतल्या वायरी आणि पाइप शोधायचे, हे तर आलंच.

गिलावा भार घेत नाही, तो फक्त मध्ये असतो. त्याची जाडी साधारण 12 ते 20 मिमी, म्हणजे 35 मिमीचा स्क्रू निम्मा त्यातच संपतो. तुमचा हिशेब सोपा आहे: पाटीची जाडी, गिलाव्याची जाडी आणि गिट्टीची लांबी यांची बेरीज करायची. 3 मिमीची पाटी, 15 मिमीचा गिलावा आणि 40 मिमीची गिट्टी असेल तर स्क्रू 60 मिमीचा. गिट्टी गिलाव्याच्या पार, पूर्णपणे विटेत ढकलायची. छिद्र गिट्टीच्या टोकापेक्षा 10 मिमी जास्त खोल ठेवायचं, कारण तळाशी भुकटी साचतेच. गिट्टीचा वरचा भाग गिलाव्यात राहिला, तर स्क्रू आवळताना ती फुगते आणि गिलाव्याचा टवका उडतो.

उघड्या विटांच्या भिंतीत छिद्र विटेत पाडायचं की दरजेत, म्हणजे दोन विटांमधल्या सांध्यात? पक्की नवी वीट असेल तर विटेच्या मध्यावर, कडेपासून लांब. जुनी, जपण्यासारखी भिंत असेल तर दरजेत, कारण दरज पुन्हा भरता येते, फुटलेली वीट परत मिळत नाही. पकड थोडी कमी मिळते. तेवढ्यासाठी एक-दोन स्क्रू वाढवायचे. हा निर्णय आम्हाला शंभर टक्के पटतो. पोकळ ब्लॉकमध्ये जाळीची नळी घालून त्यात केमिकल अँकर (नळकांडीतून येणारा, नंतर घट्ट होणारा चिकट माल) भरायचा, आणि सच्छिद्र ब्लॉकमध्ये ड्रिलचा हॅमर (ठोके देण्याची सोय) बंद ठेवून त्याच्यासाठी बनवलेलीच गिट्टी वापरायची. काँक्रीटबद्दल फार सांगण्यासारखं नाही: हॅमर ड्रिल, योग्य मापाची गिट्टी, आणि सळई लागली तर जबरदस्ती न करता जागा सरकवायची.

दगडावरची पाटी हा तुमच्या हातखंड्याचा विषय. समोरून एकही स्क्रू दिसू नये म्हणून आम्ही पाटीच्या पाठीला आटे पाडून स्टड, म्हणजे आट्यांच्या दांड्या, बसवतो. खरी कसोटी त्यानंतर लागते. स्टडच्या जागांचा कागदी फर्मा पाठीवरून काढला की तो आरशातल्यासारखा उलटा निघतो. पाटीचे स्टड अगदी सारख्या अंतरावर नसतील, तर तो तसाच दगडावर चिकटवल्यावर चारही छिद्रं चुकतात. ट्रेसिंग पेपरवर काढून त्याच्या दुसऱ्या बाजूला 'समोर' आणि 'वर' असं लिहायचं, ही तुमची सूचना आता प्रत्येक फर्म्यावर पाळली जाते. फर्मा दगडावर लेव्हल लावून चिकटवायचा. 6 मिमीच्या स्टडला 8 मिमीचं छिद्र, आणि त्याची खोली स्टडपेक्षा 5 मिमी जास्त.

ग्रॅनाइटवर किंवा गुळगुळीत टाइलवर सुरुवात हॅमर बंद करूनच. शक्यतो डायमंड बिट आणि पाणी वापरायचं, गती कमी ठेवायची. भिंतीवर चिकटवलेला ग्रॅनाइट 18-20 मिमीचाच असतो आणि त्याच्या मागे जागोजागी पोकळी असते. हॅमरचा ठोका बसला की तडा थेट कोपऱ्यापर्यंत पळतो. बोटाने टकटक करून आवाज ऐकायचा. पोकळ वाजला तर स्टड मागच्या भिंतीपर्यंत पोचेल एवढा लांब हवा, जड पाटीचा भार एकट्या लादीवर टाकायचा नाही.

छिद्र पाडलं की साफसफाई. फुंकणी, ब्रश, फुंकणी. आणि हे सगळं पुन्हा एकदा. पाण्याने पाडलेलं छिद्र असेल तर आधी धुऊन वाळवायचं. केमिकल अँकर जर भुकटीला चिकटला तर तो दगडाला चिकटलाच नाही. पुढे स्टड भुकटीच्या आवरणासकट अख्खा बाहेर येतो. नळकांडीतून आलेला पहिला माल एकसारख्या रंगाचा होईपर्यंत टाकून द्यायचा. छिद्र तळापासून भरत वर यायचं आणि दोन तृतीयांशावर थांबायचं. स्टड फिरवत आत घालायचा, म्हणजे हवा अडकत नाही. भरण्याआधी पाटी एकदा कोरडी बसवून पाहायची, कारण माल भरल्यावर विचार करायला वेळ उरत नाही. मग पाटीला कागदी टेप लावून, खालून टेकू देऊन, माल पूर्ण घट्ट होईपर्यंत हात लावायचा नाही. तो वेळ नळकांडीवर तापमानानुसार छापलेला असतो. थंडीत तो बराच वाढतो.

संगमरवराबद्दलची तुमची काळजी आम्हाला विशेष भावली. व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन तिथे आणायचंच नाही. सुकताना त्यातून आम्ल सुटतं. ते दगडालाही बाधतं आणि पितळ-ब्राँझलाही काळवंडतं. सिलिकॉन हवं न्यूट्रल, म्हणजे आम्ल न सोडणारं, आणि दगडावर तेलकट डाग न पाडणारं. उघड्यावरच्या ब्राँझच्या पाटीवरून वाहणारं पावसाचं पाणी पांढऱ्या दगडावर हिरवे ओघळ उठवतं, म्हणून पाटीवर लॅकर (पारदर्शक संरक्षक थर) टिकवून ठेवायचं. आणि बाहेरच्या कुठल्याही पाटीला सिलिकॉनची कड वरून व दोन्ही बाजूंनी द्यायची, खालून नाही. आत गेलेल्या पाण्याला वाट हवी.

दगड खडबडीत असेल तर पाटीचे चार कोपरे चार उंचीवर टेकतात. तसेच स्क्रू आवळले की पाटी पिळवटते आणि तिच्यावरचं इनॅमल तडकतं. इथे स्टडवर कमी-जास्त लांबीच्या नळ्या घालून पाटी भिंतीपासून 10-15 मिमी पुढे ठेवायची. जास्त पुढे नको, कारण अंतर वाढलं की स्टडवरचा वाकवणारा जोरही वाढतो.

लाकडावरची पाटी सोपी वाटते, आणि तिथेच पितळी स्क्रूची मान तुटते. 4 मिमीच्या स्क्रूला कठीण लाकडात 3 मिमीचं छिद्र आधी पाडायचं, त्यात त्याच मापाचा पोलादी स्क्रू एकदा घालून काढायचा म्हणजे आटे पडतात, मग मेण लावून पितळी स्क्रू हातानेच पिळायचा. पोलादी स्क्रू कायमचा ठेवायचा नाही. ओकसारख्या लाकडातलं टॅनिन लोखंडाशी मिळून काळे डाग पाडतं.

धातूची जोडी न जुळणं हा लोखंडी फाटकावरचा मुख्य घोळ. पितळी पाटी साध्या लोखंडी स्क्रूने लावली की ओलाव्यात स्क्रू आधी गंजतो. ॲल्युमिनियमच्या पाटीला पितळी स्क्रू लावला तर पाटीच कुरतडली जाते. स्टेनलेस स्क्रू, नायलॉनचं वॉशर आणि नळी, आणि पाडलेल्या छिद्राच्या कडेला रंग, एवढ्यात काम भागतं. लांब पाटीसाठी आणखी एक गोष्ट: 1 मीटरची ॲल्युमिनियमची पाटी 40 अंशांच्या फरकात जवळजवळ 0.9 मिमी वाढते. म्हणून एकच छिद्र नेमक्या मापाचं, बाकीची 1-2 मिमी मोठी, आणि स्क्रू करकचून आवळायचे नाहीत.

काचेवर आणि पाडायची परवानगी नसलेल्या टाइलवर दुहेरी ॲक्रेलिक फोम टेप. स्थिर वजनाला किलोमागे निदान 55 चौरस सेंमी टेप धरायची. दीड किलोच्या पाटीला 25 मिमी रुंदीची टेप 33 सेंमी लागते, आम्ही तिथे 40 वापरतो. पट्ट्या उभ्या लावायच्या, म्हणजे पाणी साचत नाही. दोन्ही पृष्ठभाग आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि पाणी निम्मं-निम्मं घेऊन पुसायचे, घट्ट दाबायचं. पूर्ण पकड यायला 72 तास लागतात. काचेच्या पलीकडून टेप दिसते, तेव्हा तिथे त्याच आकाराची दुसरी पातळ पाटी लावायची. रंगवलेल्या भिंतीवर टेप नको, हे तुम्ही ठासून सांगितलंत: टेप रंगाला घट्ट धरते, पण रंग भिंतीला तेवढा धरत नाही.

काका, या साऱ्याचा परिणाम म्हणून आमच्या मागणीपत्रकावर आता पाटीच्या मजकुराच्याही आधी तीन प्रश्न येतात: पाटी कशावर लागणार, घरात की उघड्यावर, आणि गिलावा किंवा लादी किती जाडीची. उत्तरं पाहून स्टड, स्क्रू, वॉशर आणि फर्मा पाटीबरोबरच पाठवतो. जिप्सम बोर्डाच्या भिंतीसाठीचं पान अजून अर्धं आहे. मागच्या चौकटीच्या उभ्या पट्ट्या 400 किंवा 600 मिमीच्या अंतराने सापडतात आणि जड पाटीचे स्क्रू त्यांच्यातच हवेत, इथवर लिहून झालं आहे. पट्टी नेमक्या जागी न सापडल्यास मागे फळी कशी घालायची, ते सवडीने एकदा सांगाल का? ते पानही तुमच्याच शब्दांत छापू.

आपले कृतज्ञ,
पाट्या घडवणारे आम्ही सर्व