जेलरोडपासून पस्तीस मिनिटं

प्रिय आई आणि बाबा,

परवा फोनवर बोलणं अर्धवटच राहिलं. बाबा तुम्ही "बघा बुवा तुमचं तुम्ही" म्हणून फोन आईकडे दिलात आणि आईने लगेच भरताच्या वांग्यांचा विषय काढला, तेव्हाच कळलं की दोघंही रागावलात. व्हॉट्सॲपवर लिहिलं असतं तर बाबांनी पहिल्या तीन ओळी वाचून लगेच फोन लावला असता म्हणून हे पत्र, प्रिंट काढून सोनूच्या हातून पाठवतेय, नीट चष्मा लावून शेवटपर्यंत वाचा.

तर ठरलंय. पुणं सोडतोय, आणि सटाण्याकडे गावच्या घरी जात नाहीयोत, नाशिकला तुमच्या जेलरोडच्या फ्लॅटमध्येही येत नाहीयोत. भगूरच्या पुढे लहवितच्या बाजूला गावात घर भाड्याने बघितलंय. अकरा महिन्यांचं ॲग्रीमेंट, विकत काहीही घेत नाहीयोत, ते आधीच सांगते म्हणजे बाबांचं बीपी वाढायला नको.

बाबा तुमचं म्हणणं मला पटत नाही असं नाही. तुम्ही बागलाणातून ट्रंक घेऊन निघालात, प्रेसमध्ये लागलात, आयुष्यभर शिफ्ट केल्या ते आम्ही शहरात राहावं म्हणून, आणि आता मुलगी आणि जावई उलटे गावाकडे निघाले तर तुम्हाला कसं वाटत असेल ते कळतं मला. पण आम्ही काही शेती करायला जात नाहीयोत हो. मंदारची ड्रॉइंगं आणि माझे कॉल हे जसे पुण्यात चालतात तसेच तिथे चालणार, फक्त पस्तीस हजार भाडं द्यायचं नाही आणि चिमीला खाली खेळायला सोडायचं म्हटलं की पार्किंगमधल्या गाड्या बघत बसायचं नाही.

गेले सात-आठ महिने सुट्टी मिळाली की आम्ही नाशिकच्या चारी बाजूंना फिरतोय, तुम्हाला सांगत नव्हतो कारण तुम्ही प्रत्येक गावातला कोणी ना कोणी ओळखीचा काढला असता. पहिल्यांदा अर्थातच वैतरणाकडे गेलो, घोटीच्या पुढे. जूनअखेरीला तिथं जे दिसतं ना आई, भाताची खाचरं आणि खाली उतरलेले ढग, मंदार तर तिथल्या तिथे ॲडव्हान्स द्यायला निघाला होता. मग मोबाईल बघितला तर नेटवर्कच नाही, एका दगडावर चढलं की एक दांडी. घरमालक म्हणाले पावसाळ्यात लाईट गेली की दोन-दोन दिवस येत नाही. इगतपुरीचा पाऊस तुम्हाला माहितीये, जेलरोडला चार थेंब पडतात तेव्हा तिकडे धो धो चालू असतो. दोन दिवस लाईट नाही म्हणजे मला दोन दिवस बिनपगारी.

पेठ-सुरगाण्याकडे पण गेलो होतो. तिथे एक एजंट भेटला, २०२७ च्या कुंभमेळ्याचं नाव घेऊन भाव सांगत होता, जमीन आदिवासींची, म्हणे "नाव त्यांचंच राहील, कब्जा तुमचा". मी म्हटलं कलेक्टरची परवानगी? तर हसला. महसूल कायद्याचं कलम ३६अ आहे ना, आदिवासीची जमीन बिगर आदिवासीला तशी घेताच येत नाही, आणि यावी कशाला. सिन्नरकडच्या दुसऱ्याने पाच गुंठ्यांचा "फार्महाऊस प्लॉट" दाखवला, एनए म्हणजे बिगरशेतीची ऑर्डर मागितली तर "होऊन जाईल मॅडम". शेतजमीन घ्यायची तर शेतकरी असावं लागतं, कूळकायद्याचं कलम ६३, हे बाबांनीच मला शिकवलंय काकांच्या भांडणाच्या वेळी, तेव्हा त्या सातबाऱ्याच्या फोटोकॉप्या काढून काढून मला फेरफार आणि आठ-अ तोंडपाठ झाले होते. म्हणून भाड्यानेच.

सिन्नरच्या पूर्वेला बाकी सगळं जमलं होतं, रस्ता चांगला, नेट चांगलं. पण एप्रिलमध्ये गेलो तर बायका टँकरची वाट बघत ड्रम मांडून बसलेल्या. आपण पैसे देऊन पाणी मागवू असं मंदार म्हणाला, मला नाही आवडलं ते. आणि निफाडला मामाच्या ओळखीने एका द्राक्षबागेतलं घर मिळत होतं, एकदम फोटोतल्यासारखं, पण बागेला सारखी फवारणी, चिमीचा दमा, नकोच.

आता हे लहवितकडचं. खरं सांगू, दिसायला काहीच खास नाही. मारुतीच्या देवळामागे, गावातच, दोन खोल्या खाली आणि एक वर, पुढे ओटा, मागे मोरी आणि पेरूचं झाड. त्याच मालकीणबाईंचं मळ्यात पण एक घर रिकामं आहे, चारी बाजूंनी हिरवंगार, भाडंही कमी, आणि मंदारला तेच हवं होतं. मी अडून बसले. कारण मळ्यातलं घर शेतीच्या फीडरवर, म्हणजे शेतीच्या वेगळ्या लाईनवर आहे, मोटारींना थ्री फेज आठ तास, तेही कधी दिवसा कधी रात्री, बाकीच्या वेळी लाईटचा भरवसा नाही. गावातलं घर गावठाण फीडरवर, तिथे लाईट बऱ्यापैकी टिकते. वायफायची केबलसुद्धा गावठाणापर्यंतच आलीये, मळ्यात न्यायची तर खांब आपल्याला टाकावे लागतील म्हणाला केबलवाला. शिवाय दारणाकाठी ऊस म्हटला की बिबट्या आलाच, रात्री दोनला कॉल संपवून मी बाहेरचा दिवा बंद करायला निघणार आणि समोर तो. लोकांना वाटतं गावात राहायचं म्हणजे एकटं घर आणि आजूबाजूला झाडं. गावातले लोक स्वतः कुठे राहतात तसे, एकमेकांच्या भिंतीला भिंत लावूनच राहतात ना.

त्या दिवशीची गंमत सांगते. मंदार मोबाईलवर स्पीड टेस्ट लावून घरभर फिरत होता, ओट्यावर, मोरीत, मग गच्चीवर टाकीपाशी, हात वर करून, परत खाली. मालकीण आजी शेंगा फोडत बसल्या होत्या, बराच वेळ बघत राहिल्या आणि मला हळूच म्हणाल्या, "जावई पानाडी आहेत का गं, पाणी बघत्यात?" मी इतकी हसले. पण खरंच बघत होतो आम्ही पाणीच एक प्रकारचं. दोन वेगळ्या कंपन्यांची सिमं, केबलचं वायफाय, आणि इन्व्हर्टरवर राउटर, कारण लाईट गेली की आधी राउटर बंद पडतो आणि जास्त वेळ गेली की टॉवरची बॅटरीपण मान टाकते. तीन संध्याकाळ वेगवेगळ्या वाराला जाऊन बघून आलो, सकाळी सगळीकडेच चांगलं चालतं, खरी परीक्षा रात्री आठला, सगळा गाव मोबाईल बघत असतो तेव्हा.

पण बाबा, घर ठरलं ते वायफायवर नाही. गेल्या श्रावणात तुम्हाला बाथरूममध्ये चक्कर आली होती ना. आईचा फोन साडेअकराला आला, आम्ही बाराला निघालो, चाकणला ट्रकच्या मागे अडकलो, नारायणगावला परत अडकलो, दोनशे-सव्वादोनशे किलोमीटर, दवाखान्यात पोचलो तेव्हा पाच वाजत आले होते. तोवर शेजारच्या काकांनी ॲडमिट केलं होतं, फॉर्मवर नातं या रकान्यात त्यांनी "शेजारी" लिहिलेलं. तुम्ही मला बघून विचारलंत चहा घेतला का. तो फॉर्म माझ्या डोक्यातून जात नाही. रविवारी आम्ही त्या गावातून जेलरोडपर्यंत गाडी चालवून बघितली, देवळाली कॅम्पात थोडी गर्दी लागली तरी पस्तीस मिनिटं. म्हणून सटाणा नाही. तिथून तुमच्यापर्यंत अडीच-तीन तास, म्हणजे परत पुण्यासारखंच झालं ना, आणि काकांच्या वाटणीचं अजून मिटलेलं नाही ते वेगळंच.

मग फ्लॅटमध्येच या ना, हे आई म्हणणार. आई, दोन खोल्या आणि एक हॉल. माझे कॉल संध्याकाळी सहा ते रात्री दोन, बाबांचा रेडिओ पहाटे साडेचारला. चार महिन्यांत आपण एकमेकांशी कामापुरतंच बोलायला लागू, तुला माहितीये माझा स्वभाव, माझा आणि बाबांचा सारखाच आहे. जवळ राहायचंय म्हणूनच एकत्र राहायचं नाहीये, एवढं समजून घे.

चिमीच्या शाळेचं अजून ठरलं नाही. गावात झेडपीची आहे, कॅम्पातल्या इंग्लिश मीडियमची व्हॅन येते, बघू. आणि बाबा तोफांचं तुम्ही विचारणारच, हो, देवळालीच्या आर्टिलरीचा सराव असला की ऐकू येतात, आजी म्हणाल्या भांडी थरथरतात, सवय होते.

रेल्वे लाईन तशी जवळच आहे. रात्री परतीची पंचवटी आधी आमच्याकडून धडधडत जाणार आणि मग तुमच्या स्टेशनात. चिमी म्हणते गाडी गेली की आजोबांना फोन करायचा, "सोडली" म्हणून.

तुम्ही कधीही येऊ शकता, भगूरपर्यंत सिटीलिंकची बस आहे, पुढे आम्ही घ्यायला येऊ. एसटीनं आलात तर बाबांना ७५ पूर्ण झालीत, तिकीटच नाही, आणि आईला अर्धं, २०२३ पासून बायकांना आहे ते. आई म्हणेल मग रोज येते.

येत्या रविवारी सकाळी घर दाखवायला नेते, दहाला खाली उतरून थांबा. बाबा, स्पिरीट लेव्हल आणि टेस्टर घेऊन या, वरच्या खोलीच्या वायरिंगवर माझा विश्वास नाही आणि मंदारवर तर त्याहून नाही. आई, तू तुझी ती पितळी परात आण, आजींकडे भट्टी लावून पापड करतात आणि त्यांना परात कमी पडतेय, मी तुझं नाव सांगून बसलेय.

तुमची,
बेबी

ता. क. वांगी भरताची पाठवलीस ती संपली.