बोलेल की, पण कधी?

संपादक साहेब, नमस्कार. माझा नातू दोन वर्षांचा झाला तरी एक शब्द बोलत नव्हता, हाक मारली तरी वळून बघायचा नाही, आणि डॉक्टर म्हणाले काही पोरं उशिरा बोलतात, थांबा की. थांबलो, वर्ष गेलं. (आमच्या विडी घरकुल वसाहतीत तर प्रत्येकाकडं असा एक उशिरा बोललेला काका असतोच!) शेवटी अंगणवाडीत तपासणीवाले आले, त्यांनी पुढं तपासायला पाठवायची चिठ्ठी दिली. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ पासून आहे म्हणे, अंगणवाडीत वर्षातून दोनदा तपासणी, तीपण फुकट, आम्हाला कुठं माहीत. डॉक्टरांना माझं सांगणं, शंका आली की लगेच कान तपासा, पुढं रेफर करा, निदान होईपर्यंत थांबायचं कशाला, थेरपी त्याआधीपण सुरू करता येते. एक चिठ्ठी लिहायला किती वेळ लागतो हो?

– एक आजी, सोलापूर