इसाराची रक्कम तिसऱ्याकडे राहू द्या

मा. संपादक,
स.न.वि.वि.

दुय्यम निबंधक कार्यालयाबाहेरच्या टिनाच्या शेडात बसून मी दस्त लिहितो. कापूस विकून हाती पैसा आला की गावातल्या घरांचे सौदे वाढतात. घेणारा विचारतो ते मुद्रांक किती लागेल एवढेच. घर विकणाऱ्याच्या एकट्याचे आहे का, हे विचारणारा क्वचित. ‘‘दस्त नोंदला म्हंजे सरकारनं पायलंच असंन ना जी!’’ सरकार ते पाहत नाही. तिथे ओळख पटवतात, फोटो-अंगठा घेतात, शुल्क पुरेसे आहे का बघतात. मालकी कोणाची, हे घेणाऱ्यानेच शोधायचे.

मागच्या हंगामात एका निवृत्त एसटी चालकाने गावठाणातले घर ठरवले. जवळपास निम्मी रक्कम इसार म्हणून रोख दिली. पुरावा काय, तर ग्रामपंचायतीचा नमुना ८. हा कर आकारणीचा उतारा, मालकीचा कागद नव्हे. त्यावर विकणाऱ्याचे, म्हणजे थोरल्या भावाचे नाव होते, कारण बाप गेल्यावर त्याने एकट्यानेच ते चढवून घेतले होते. दोन्ही बहिणींचे हक्कसोडपत्र नव्हतेच. खरेदीच्या दिवशी धाकटी बहीण कार्यालयात येऊन उभी राहिली. इसाराचे पैसे तोवर विकणाऱ्याच्या सावकाराकडे गेलेले. आता दिवाणी कोर्टात तारखा सुरू आहेत.

गृहकर्ज काढले असते तर बँकेच्या वकिलाने मागच्या तीसेक वर्षांच्या नोंदी तपासल्या असत्या. पण गावातले जुने घर बहुधा रोखीनेच घेतले जाते, मग शोध कोण घेणार?

माझ्या भाच्याने अमेरिकेत घर घेतले. विकणाऱ्याच्या हातात त्याने स्वतः एक डॉलरही दिला नाही. बयाणा एस्क्रो खात्यात गेला, म्हणजे दोघांच्याही बाजूचा नसलेल्या तिसऱ्याकडे. टायटल कंपनीने, म्हणजे मालकी तपासणाऱ्या कंपनीने, जुन्या नोंदी, थकलेले कर, घरावरचा बोजा पाहिला. विकणाऱ्याचे जुने कर्ज त्याच पैशातून फेडले आणि उरलेली रक्कम त्याला दिली. पुढेमागे मालकीत दोष निघालाच तर विमाही आहे, हप्ता एकदाच भरायचा.

आपल्याकडे २०१६ च्या रेरा या गृहप्रकल्पांसाठीच्या कायद्याने बिल्डरला ग्राहकांच्या पैशातले ७० टक्के वेगळ्या खात्यात ठेवायला लावले. गावातल्या जुन्या घराला तो लागू नाही. जिल्हा बँकेच्या तालुका शाखेने असे खाते का उघडू नये? वकिलाचा शोध अहवाल आला, सगळ्या वारसांच्या सह्या झाल्या, खरेदीखत नोंदले, की पैसे विकणाऱ्याचे. नाहीतर घेणाऱ्याला परत. थोडे शुल्क लागेल, आठ-पंधरा दिवस जास्त जातील. पण गावात कागद मागितला की माणूस दुखावतो, ‘‘भरोसा नाही काय माह्यावर?’’ म्हणतो. बँकेचा नियमच तसा असला तर मागणाऱ्यालाही संकोच नाही.

आणि एक तक्रार वर्तमानपत्रांबद्दल. हक्क-हरकतीची जाहीर नोटीस पुष्कळदा अशा पेपरात छापतात, जो त्या गावात येतच नाही. बहिणीला कळणार कसे? आपण तरी या नोटिसा तालुक्यानुसार एका जागी, वाचता येतील एवढ्या अक्षरात छापाव्यात.

आपला,
एक दस्तलेखक, जि. वर्धा