बिबट्या 'जेरबंद झाली' कशी?

संपादक महोदय,

बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानालगतच्या वस्तीत पिंजरा लागला की बातमीत हमखास वाचायला मिळते: 'मादी बिबट्या जेरबंद झाली.' नाम पुल्लिंगी, क्रियापद स्त्रीलिंगी. 'बिबट्याची मादी जेरबंद झाली' असे लिहिले की कर्ता 'मादी' होतो आणि 'झाली' बरोबर ठरते. जिराफ, गेंडा, झेब्रा यांनाही हीच युक्ती लागू. (फ्रेंच आणि स्पॅनिशमध्ये जिराफ मुळातच 'ती', तिथे अडचण नराची होते.)

स्वतंत्र शब्द आहे तिथे मात्र 'मादी' हवीच कशाला? 'मादी मोर' नव्हे, लांडोर. 'नर मांजर' नव्हे, बोका.

खरी नासधूस पिलांची चालली आहे. हिंदीत बछडा गाईचा, मराठीत वाघाचा. हिंदी मजकूर घाईत उतरवला की 'गाईचा बछडा' छापून येतो. गाईचे वासरू; त्यातही नर तो गोऱ्हा, मादी ती कालवड. म्हशीचे रेडकू, मादी असेल तर वगार. शेळीचे करडू, मेंढीचे कोकरू, घोडीचे शिंगरू. वासरापासून शिंगरापर्यंत ही पाचही नामे नपुंसकलिंगी आहेत, कारण तिथे नर की मादी हे सांगायचेच नसते. जर्मनमध्येही वासरू, कोकरू, शिंगरू आणि माणसाचे मूल नपुंसकलिंगीच. तसेच 'कुत्रीने पाच पिल्ले दिली' हे हिंदी वळण. मराठीत कुत्री विते, कोंबडी अंडी घालते.

व्याकरणातले लिंग आणि शरीरातले लिंग एक नव्हे, हे मासळीबाजारात चटकन कळते. बोंबील तो, सुरमई ती, पापलेट ते. पोटात गाभोळी (अंडी) भरलेला बांगडाही 'तो'च! तमिळने हा गुंता ठेवलाच नाही: सारे प्राणी माणसांहून वेगळ्या, निर्जीव वस्तूंच्याच वर्गात. बंगालीत तर क्रियापद लिंगानुसार बदलतच नाही. आपल्याकडे बदलते, म्हणून उपसंपादकाला थांबून पाहावे लागते.

उसन्या नावांना रूढीचा आधार नसतो. राणीच्या बागेत २०१६ मध्ये पेंग्विन आले, तेव्हापासून ते कधी 'तो' असतात, कधी 'ते'. पक्षी पुल्लिंगी म्हणून 'तो' बरा वाटतो. 'ते' ठरवलेत तरी हरकत नाही, पण मथळ्यात 'आला' आणि खाली 'आले' असे एकाच बातमीत नको.

– एक वाचक, दादर, मुंबई