गोणी एक, कायदे चार : केंद्रीय आयुष राज्यमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. राज्यमंत्री (स्वतंत्र प्रभार), आयुष मंत्रालय,
भारत सरकार, नवी दिल्ली

विषय : विजयायुक्त औषधे आणि भांगबीज यांच्या परवानाधारकांसाठी होणारे नियमबदल

महोदय,

सादर नमस्कार.

आयुषबरोबर आरोग्य खात्याचे राज्यमंत्रिपदही आपल्याकडे आहे. भांगेच्या (आयुर्वेदात तिला विजया म्हणतात) पानापासून औषध करणारा आणि त्याच झाडाच्या बियांचे तेल काढणारा, दोघांचेही नियम त्यामुळे आपल्या अखत्यारीत येतात. पत्र मराठीत लिहीत आहोत, कारण आपल्यापर्यंत ते भाषांतराविना पोहोचेल.

नियम कडक आहेत अशी आमची तक्रार नाही. या झाडाच्या बाबतीत ते कडकच हवेत. अडचण अशी की बदल एका खात्यातून निघतो, बाकीच्या तीन खात्यांच्या कागदांवर तो उमटत नाही, आणि नवी मर्यादा मोजायची कशी हे बहुधा कोणीच लिहीत नाही. पानाच्या खरेदी-वाहतुकीला राज्याचे उत्पादन शुल्क खाते, औषधाला 1940 चा औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा, बियांना 2006 चा अन्नसुरक्षा कायदा आणि या सगळ्यांवर 1985 चा अमली पदार्थ कायदा. एकाच गोणीला चार कायदे लागू होतात, आणि एकाच्या कागदाला दुसरा ओळखत नाही.

आधी पानाची गोणी घेऊ. 1985 च्या कायद्यात गांजा म्हणजे झाडाचे फुलोऱ्याचे किंवा फळधारणेचे शेंडे. पाने आणि बिया त्यातून वगळल्या आहेत, पण सोबत शेंडे नसतील तरच. कागदावर रेषा स्वच्छ दिसते. गोणीत ती तशी राहत नाही. वाळलेले पान हाताळताना चुरते, तळाशी चार बोटे भुगा साचतो आणि त्या भुग्यात दोन-तीन मिलिमीटरचे तुकडे असतात. तो तुकडा पानाचा की फुलाच्या आवरणपत्राचा, हे भिंगाखाली राळेच्या ग्रंथी पाहून ठरवावे लागते. आणि ग्रंथी पानावरही असतात, फक्त विरळ. रस्त्यावर गाडी अडवणाऱ्या पथकाकडे भिंग नसते, रंगचाचणीचे किट असते. त्यातला जांभळा रंग कायदेशीर पानालाही येतो, कारण ते किट कॅनाबिनॉइड (या झाडातली रसायने) आहेत एवढेच सांगते. झाडाचा कोणता भाग आहे, हे सांगत नाही.

आता वजन पाहा. गांजाची अल्प मात्रा 1 किलोपर्यंत आणि व्यावसायिक मात्रा 20 किलोंच्या वर. मधल्या वजनाला दहा वर्षांपर्यंत शिक्षा, व्यावसायिक मात्रेला किमान दहा वर्षे आणि जामीन जवळजवळ बंद. सर्वोच्च न्यायालयाच्या 2020 च्या निकालाप्रमाणे मिश्रणातल्या निष्क्रिय पदार्थाचेही वजन धरले जाते. आता 20 किलोंच्या 25 गोण्यांचा, म्हणजे 500 किलो पानाचा माल घ्या. आयुर्वेदिक औषधकोशात पुष्कळ वनस्पतींना परकीय द्रव्याची (हवा तो भाग सोडून मिसळलेल्या इतर गोष्टींची) मर्यादा 2 टक्के असते. तीच फूटपट्टी इथे लावली आणि ते सगळे परकीय द्रव्य शेंड्यांचेच निघाले, तर औषधाच्या हिशेबाने शुद्ध ठरलेल्या मालात 10 किलो शेंडे बसतात. फौजदारी हिशेबाने तीच मधली मात्रा झाली. आणि एखाद्याने सगळ्या 500 किलोंचेच वजन धरले तर? परवानाधारकाने कोणाची फूटपट्टी पाळायची?

यावर तोडगा फार अवघड नाही. आयुष मंत्रालय, महसूल विभाग आणि अमली पदार्थ नियंत्रण ब्युरो यांनी विजयापत्रासाठी एकच नमुना-पद्धत ठरवावी. औषध उद्योगात कच्च्या मालाचा नमुना घेताना गोण्यांच्या संख्येचे वर्गमूळ अधिक एक, इतक्या गोण्या उघडण्याची रीत जुनीच आहे. 25 गोण्यांना सहा. प्रत्येक गोणीतून वर, मध्ये आणि तळाशी असे तीन ठिकाणचे पान घ्यावे. तळाचे विसरू नये, कारण भुगा तिथेच असतो. सगळे एकत्र करून ढीग चार भागांत वाटत कमी करावा, त्यातले ठरावीक वजन निवडून शेंड्यांचा अंश वेगळा तोलावा आणि त्या अंशाची टक्केवारी राजपत्रात द्यावी. ती किती असावी यावर वाद होऊ शकतो. ती मुळीच नसावी, यावर होऊ नये.

वजनाचाच आणखी एक घोळ आहे. 12 टक्के ओलाव्याचे 500 किलो पान गोदामात आले. त्यात कोरडे द्रव्य 440 किलो. दोन-तीन महिन्यांत ओलावा 8 टक्क्यांवर आला की तेच पान 478 किलो भरते. साठा नोंदवहीत 22 किलो कमी! चोरी नाही, गळती नाही, फक्त पाणी उडाले. पण तपासणीला आलेल्या निरीक्षकाकडे ‘घट’ या रकान्यापुढे ओलाव्याचा रकाना नसेल, तर त्याने काय लिहावे? आवक-जावकेच्या प्रत्येक नोंदीशेजारी ओलाव्याची टक्केवारी आणि हिशेब कोरड्या वजनावर, एवढा बदल नमुना अर्जात केला तरी निम्मे खुलासे मागावे लागणार नाहीत. अर्क काढल्यानंतरच्या चोथ्याचेही तसेच. त्यात उरलेले टीएचसी (झाडातला नशा आणणारा घटक) मोजून तो कोणासमोर, कशात मिसळून नष्ट करायचा हे लिहिलेले असावे. नाहीतर चोथ्याची पिंपे कोपऱ्यात साठत जातात आणि प्रत्येक तपासणीत प्रश्न तेच राहतात.

बियांची कहाणी वेगळी आहे, आणि आमच्या मते इथली चूक जास्त सूक्ष्म आहे. अन्नसुरक्षा प्राधिकरणाने नोव्हेंबर 2021 मध्ये भांगबीज अन्न म्हणून मान्य केले. बियांत आणि पिठात एकूण टीएचसी किलोमागे 5 मिलीग्रॅमपर्यंत, तेलात 10, पेयांत 0.2 आणि सीबीडी (नशा न आणणारा घटक) 75 मिलीग्रॅमपर्यंत. पाऊल चांगले होते. पण बीच्या आत टीएचसी जवळजवळ नसतेच. जे सापडते ते मळणीत फुलाच्या आवरणाची राळ बीच्या सालीला चिकटल्यामुळे. म्हणजे आकडा शेतकऱ्याच्या वाणापेक्षा मळणीयंत्राच्या आणि चाळणीच्या स्वच्छतेवर जास्त ठरतो. पीक ओलसर असताना मळले, यंत्र दोन शेतांच्या मध्ये पुसले नाही, उफणणी एकदाच केली, की टीएचसी 0.3 टक्क्यांच्या आत असलेल्या पिकाचे बीसुद्धा मर्यादेबाहेर जाते. उत्तराखंडाने 2018 पासून पिकाला 0.3 टक्क्यांची अट ठेवली आहे, 0.3 टक्के म्हणजे किलोमागे 3000 मिलीग्रॅम. पिकाच्या आणि बीच्या मर्यादेत सहाशे पटींचे अंतर आहे. ते अंतर चाळणीने आणि वाऱ्याने भरून काढायचे असते. शेताला मिळालेले प्रमाणपत्र बीच्या गोणीला लावून भागत नाही, हे कृषी खात्याच्या एकाही माहितीपत्रकात ठळक असते तर बरे झाले असते.

आता घाण्याचा हिशेब. टीएचसी तेलात विरघळते. किलोभर बियांतून 300 ग्रॅम तेल निघाले आणि सालीवरचे सगळे टीएचसी तेलात उतरले असे धरले, तर 5 मिलीग्रॅमचे, म्हणजे नियमात बसणारे, बी घाण्यात घालून 16.7 मिलीग्रॅमचे तेल हाती येते. मर्यादा 10 ची. प्रत्यक्षात थोडे पेंडीत राहते, त्यामुळे आकडा खाली येतो. पण तेलासाठी बी घेणाऱ्याने खरेदीची अट 3 मिलीग्रॅमच ठेवावी. अधिसूचनेतल्या दोन्ही मर्यादा एकेकट्या बरोबर आहेत. दोन्ही मिळून लहान घाणेवाल्याला अडकवतात, कारण बियांच्या पास झालेल्या अहवालावर त्याने विश्वास ठेवलेला असतो.

प्रयोगशाळेचा अहवाल तरी काय म्हणतो? झाडात टीएचसी मुख्यतः आम्लरूपात असते. ‘एकूण’ म्हणजे टीएचसी अधिक आम्लरूपाच्या 0.877 पट. वायू वर्णलेखात (गॅस क्रोमॅटोग्राफी) नमुना तापतो आणि आम्लरूपाचे बरेचसे रूपांतर आपोआप होते. द्रव वर्णलेखात (लिक्विड क्रोमॅटोग्राफी) दोन्ही वेगळी मोजून हा गुणाकार करावा लागतो. अहवालावर यंत्र कोणते आणि गुणाकार केला की नाही, हे नसेल तर 4.6 आणि 5.4 हे एकाच बाटलीचे दोन खरे आकडे असू शकतात. शिवाय यंत्राला मोजायला शिकवणारी शुद्ध टीएचसीची कुपी (मिलीलिटरभर मिथेनॉलात एक मिलीग्रॅम) हा स्वतःच नियंत्रित पदार्थ. तिच्या आयातीला ग्वाल्हेरच्या नार्कोटिक्स आयुक्तांचे प्रमाणपत्र लागते. कुपी अडकली की चाचणी अडकली, आणि चाचणी अडकली की परवानाधारकाचा माल गोदामात पडून. मान्यताप्राप्त प्रयोगशाळांना वर्षभराच्या कुप्यांची एकत्रित परवानगी देता येईल का, हे आपण महसूल विभागाला विचारावे.

अन्नाच्या नमुन्याबाबत निदान कायदा उदार आहे: नमुन्याचे चार भाग होतात, अहवालाविरुद्ध तीस दिवसांत अपील करता येते. हीच सोय पानाच्या चुऱ्यालाही मिळायला हवी, जिथे शिक्षा दंडाची नाही, तुरुंगाची आहे.

लेबलाबद्दल थोडक्यात. विजया औषध नियमांच्या अनुसूची ई(1) मध्ये, म्हणजे विषारी द्रव्यांच्या यादीत आहे, म्हणून बाटलीवर ‘वैद्यकीय देखरेखीखाली घ्यावे’ अशी सावधगिरीची सूचना इंग्रजी आणि हिंदीत लागते. मराठी रुग्णाने काय करायचे, हा प्रश्न आपल्याला आमच्यापेक्षा जास्त जवळचा असेल. त्याहून महत्त्वाचे, जातिफलादि चूर्णासारखे ग्रंथोक्त औषध असो वा नवा पेटंट अर्क, ‘विजया अर्क इतके मिलीग्रॅम’ एवढ्याने वैद्याला काही कळत नाही. एका मात्रेत टीएचसी किती आणि सीबीडी किती, हे दोन आकडे लेबलावर सक्तीचे करा. खर्च वाढेल असे काही उत्पादक म्हणतील. वाढू द्या.

आणि तारखा. जुलै 2022 मध्ये ई-कॉमर्स कंपन्यांना ई(1) मधली औषधे चिठ्ठी पाहिल्याशिवाय विकू नयेत असे सांगितले गेले. योग्यच. पण ते सांगितले केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने, म्हणजे पाचव्याच दारातून. अन्नाच्या लेबलातल्या बदलांसाठी अन्नसुरक्षा प्राधिकरणाने दरवर्षी 1 जुलै ही तारीख आणि 180 दिवसांची मुदत ठरवली आहे. विजयेच्या औषधांनाही तोच दिवस धरावा. कॅनडाने 12 मार्च 2025 रोजी आपल्या कॅनाबिस नियमांत मोठे फेरफार केले, तेव्हा वेष्टन आणि लेबल बदलायला बारा महिने दिले. छापून ठेवलेली खोकी एका रात्रीत रद्दी होऊ नयेत, इतकाच त्याचा अर्थ.

म्हणून विनंती अशी की विजया आणि भांगबीज यांच्याबाबतचा कोणताही बदल, खाते कुठलेही असो, एकाच संकेतस्थळावर यावा. प्रत्येक बदलाखाली मोजण्याची पद्धत, लागू होण्याची तारीख, जुन्या साठ्याचे काय करायचे आणि शंकेला उत्तर देणाऱ्या अधिकाऱ्याचे पद लिहिलेले असावे. संकेतस्थळावरच्या त्या मजकुराची सही-शिक्क्याची प्रत गाडीच्या चालकाजवळ असली, तर नाक्यावरच्या हवालदारानेही ती ग्राह्य धरावी, असे गृह खात्याकडून लेखी घ्यावे.

सुरुवात ओलाव्याच्या रकान्यापासून केली तरी चालेल. त्याला कायदादुरुस्ती लागत नाही, नोंदवहीचा नमुना बदलला की झाले.

आपले विश्वासू,
विजया व भांगबीज उत्पादनांच्या चाचणी आणि परवान्यांचे काम पाहणारे काही तंत्रज्ञ व सल्लागार