आयरिसच्या वाफ्यांची माती आत्ताच तयार करा

सर्व सभासदांना नमस्कार.

दाढीवाल्या आयरिसचे (पाकळ्यांवर दाढीसारखी लव असलेलं फुलझाड) गड्डे ऑगस्टच्या दुसऱ्या शनिवारी सकाळी १० वाजता बागेच्या फाटकापाशी वाटले जातील. त्याआधी निदान दोन आठवडे आपापला वाफा तयार असावा. इथे न्यू जर्सीत जुलै ते सप्टेंबर हाच लागवडीचा काळ. उशीर केला तर थंडीआधी मुळं धरत नाहीत.

सहा तास तरी ऊन लागेल अशीच जागा घ्या. माती १० ते १२ इंच खणून भुसभुशीत करा. आपली माती चिकण, पाणी धरून ठेवणारी. तेव्हा कुजलेलं कंपोस्ट मिसळून वाफा थोडा उंच करा. नुसती वाळू ओतू नका, माती विटेसारखी घट्ट होते. सामू (पीएच, म्हणजे मातीची आम्लता) ६.८ च्या आसपास हवा, पण माती तपासल्याशिवाय चुना टाकू नये.

खताचं मात्र नीट ऐका. ताजं शेणखत नको, लॉनचं खत तर नकोच. नत्र जास्त झालं की पानं माजतात, फुलं रुसतात आणि गड्डा सडतो. मूठभर बोनमील (हाडांची पूड) किंवा ५-१०-१० खत (५% नत्र, १०% स्फुरद, १०% पालाश) पुरे, तेही गड्ड्याच्या भोवती, अंगावर नाही. पुढची मात्रा वसंताच्या सुरुवातीला, मग बहर संपल्यावर महिन्याभराने.

आलं-हळद लावायची सवय असलेल्यांनो, हा गड्डा पुरायचा नाही! पाठ उन्हात उघडी राहू द्या. मी पहिल्या वर्षी सगळे गाडले होते. एकही फूल आलं नाही.

फावडी शेडमध्ये आहेत, वापरून झाल्यावर धुऊन ठेवा.